सेनोन मिस्त्रीची फळी

मे अर्धा सरला तरी मासा किनाऱ्याकडे वळला नव्हता. पाणी कोमट झालं होतं. पाय घातला की आपल्या आधी कुणीतरी त्यात आंघोळ करून गेलंय असं वाटायचं. होड्या वाळूवर पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत लास ताग्वास गावचे निम्मे पुरुष पत्ते कुटत बसलेले असायचे. असल्या दिवसांत होडी कोण बांधून घेणार? आणि घेतलीच तर लाकडाची कोण घेणार? सेनोन आंचुंदियाच्या हातची शेवटची होडी पाण्यात उतरली त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तो दारं, कोंबड्यांची खुराडी, खाटांचे पाय, जे येईल ते करत होता. गाव त्याला अजून मिस्त्रीच म्हणायचं, पण खुराडं घ्यायला आलेली बाई मिस्त्री म्हणाली की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

आमचं आणि त्यांचं परसू एकाच कुंपणाचं. मी दिवसभर मागच्या दारी जाळी दुरुस्त करत बसायचो, त्यामुळे जे झालं ते बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर झालं. जे दिसलं नाही ते ऐकू आलं, कारण सेनोनच्या बायकोचा, फ्लोरिंदाचा आवाज कुंपणाला जुमानत नाही.

त्यांची एकुलती पोर नार्सिसा. तेवीस वर्षांची, खांद्याने बापाहून रुंद. लहानपणापासून लाटांवर खेळायची, मोडक्या दारावर, थर्माकोलच्या पेटीच्या झाकणावर, मिळेल त्यावर. पुढे ओस्वाल्दोने किनाऱ्यावर पर्यटकांसाठी झोपड्या बांधल्या आणि लाटांवर घसरायच्या सहा रंगीत फळ्या आणल्या, तेव्हापासून ती त्याच्याकडे शिकवायला जाऊ लागली. डोंगराकडच्या शहरांतली माणसं सुट्टीत येत, नार्सिसा त्यांना फळीवर पालथं घालून लाटेत ढकलत असे. समुद्रात जायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं, हा कसला धंदा, असं सेनोन म्हणायचा. पण मासा नसलेल्या वर्षी घरातलं तेल-मीठ त्याच धंद्यातून येत होतं, हे तोही जाणून होता. म्हणून तो हे जरा हळू आवाजात म्हणायचा.

ईस्टरच्या सुट्टीत एका लग्नाच्या वऱ्हाडातला नवरदेवाचा भाऊ फळी घेऊन उथळ पाण्यात उडी मारायला गेला आणि फळीचे दोन तुकडे झाले. माणूस शाबूत राहिला. ओस्वाल्दोने वऱ्हाडाला काही म्हटलं नाही, ते गिऱ्हाईक होतं. तो नार्सिसावर घसरला. जुलैत डोंगराकडच्या शाळा सुटतील तेव्हा स्वतःची फळी घेऊन ये, नाहीतर मान्ता शहरातला माझा चुलतभाऊ कामाला तयार आहे, असं त्याने चारचौघांत सांगितलं. नार्सिसाने आणीन म्हटलं आणि घरी आली. नव्या फळीच्या किमतीत त्यांच्या घराचं छप्पर नवं झालं असतं. हे तिला ओस्वाल्दोसमोर उभं असतानाही माहीत होतं.

मे अर्धा सरल्यावर एक दिवस ती मामाच्या डोंगरावर गेली आणि तिसऱ्या दिवशी गाढवाच्या दोन्ही अंगांना बाल्साचे दोन ओंडके बांधून परत आली. बाल्साचं लाकूड वाळल्यावर पिसासारखं होतं. आमचे आजे-पणजे त्याचेच तराफे करून समुद्रात दूरवर जायचे. पण ओलं असताना त्यात निम्मं पाणीच असतं, आणि गाढव दारात येऊन जे बसलं ते संध्याकाळपर्यंत उठलं नाही.

सेनोनने ओंडक्याला नखाने टोचून पाहिलं. कधी तोडलं म्हणून विचारलं. काल, म्हणाली. वाढत्या चंद्रात तोडलं म्हणजे पाणी पिणारं लाकूड आणलंस, असं म्हणून तो आपल्या खुराड्याकडे वळला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

मायलेकी मोठी दुहाती करवत घेऊन ओंडका चिरायला बसल्या. एक टोक फ्लोरिंदाकडे, एक नार्सिसाकडे. सेनोन त्यांच्याकडे पाठ करून खुराड्याच्या दाराला बिजागरी ठोकत होता. पण कानाला पाठ करता येत नाही. करवत अडकली की त्याचा हातोडा थांबायचा. सुटली की पुन्हा चालायचा. तीन दिवसांत तीन फळ्या निघाल्या. तिन्ही एका टोकाला चार बोटं जाड आणि दुसऱ्या टोकाला दीड. खुराड्याच्या दाराला तोवर सेनोनने सहा बिजागऱ्या ठोकल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी तो उठला, बायकोच्या हातातून करवतीची मूठ काढून घेतली आणि लेकीला म्हणाला, "लाकूड कापतेयस का त्याची पाठ खाजवतेयस?"

नार्सिसाने आपलं टोक ओढायला घेतलं. तिला हवं होतं ते झालं होतं. पुढे ती मला म्हणाली की पहिल्या दोन फळ्या खरंच वाकड्या गेल्या, तिसरी मात्र तिने मुद्दाम वाकडी जाऊ दिली.

फळ्या निघाल्या, पण जून लागला आणि आमच्याकडची ती भुरभुर सुरू झाली. पाऊस म्हणावा तर भिजवत नाही, धुकं म्हणावं तर कपडे वाळत नाहीत. महिनाभर सूर्य राखाडी पडद्याआड. त्यात लाकूड काय वाळणार? सेनोनने फळ्या चुलीच्या वर आढ्याला टांगल्या. फ्लोरिंदाचा स्वयंपाक त्यांच्याखाली. दिवसातून दोनदा त्या उलटायच्या हेही तिच्याकडेच आलं. ओल्या लाकडातून काळपट थेंब गळायचे ते थेट शेंगदाण्याच्या रश्श्यात. नार्सिसाने दोन दिवस खाल्लं. तिसऱ्या दिवशी सेनोन म्हणाला, रश्श्याला कसलासा वास येतो. फ्लोरिंदाने ताट त्याच्यासमोरून उचललं नाही, फक्त वर बोट दाखवलं आणि म्हणाली, "म्हाताऱ्या, तुझ्या लेकीची होडी आहे ती. खा." त्याने खाल्लं. त्या दिवसांत त्या घराच्या दारात जो उभा राही त्याच्या अंगाला धुराचा आणि ओल्या भुश्याचा वास लागायचा. रविवारी प्रार्थनेला ते तिघं ज्या बाकावर बसायचे त्याच्या मागचा बाक रिकामा असायचा.

वाद खरा पेटला तो त्या फळ्या जोडून एक करण्यावर. नार्सिसाला फळी हवी होती हलकी, सलग, खिळ्याशिवाय. सेनोनच्या आयुष्यात कणा आणि फासळ्या नसलेली वस्तू पाण्यात गेली नव्हती. तो म्हणायचा, कण्याशिवाय पाण्यात जातो तो जेलीफिश. ती म्हणायची, बाबा, ही होडी नाही, हिच्यावर उभं राहायचं असतं. तो म्हणायचा, उभं राहायचं असेल तर पलंग बांध. असे चार दिवस गेले. शेवटी तडजोड झाली. मधोमध दोन बोटं रुंदीची कठीण लाकडाची एक पट्टी घालायची, नाकापासून शेपटापर्यंत, आणि तिला कणा म्हणायचं. खिळे नाहीत. ती पट्टी त्याने आपल्या शेवटच्या होडीच्या उरलेल्या लाकडातून काढली. ते लाकूड एवढं जड की ते पाण्यात टाकलं तर बुडतं. नार्सिसाने पट्टी हातात तोलून पाहिली, बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ठेवून दिली.

गोंद मात्र विकत आणावा लागला. त्यासाठी फ्लोरिंदाने डुकराचं एक पिल्लू विकलं आणि पुढचा महिनाभर दर जेवणाला त्या पिल्लाची आठवण काढली, एव्हाना ते केवढं झालं असतं, कसं पळायचं. फळ्या दाबून धरायला शिकंजे नव्हते. गावातल्या सगळ्या फाटक्या सायकलींच्या ट्यूबा गोळा करून त्यांचे पट्टे कापले आणि फळी करकचून बांधली. दोन दिवस ती अंगणात तशी पडली होती, काळ्या पट्ट्यांनी आवळलेली. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, मिस्त्री, कुणाला पकडून ठेवलंय? सेनोन पट्टे आणखी आवळायचा.

मग आकार द्यायचं काम निघालं, आणि त्या दिवसांत मी माझी जाळी जवळजवळ विसरलोच. नार्सिसाने एक कामटी वाकवून फळीवर रेघ आखली. सेनोनने ती पाहिली आणि पहिल्यांदाच खोड काढली नाही. कडेला उकिडवा बसून तिच्या रेघेवरून नजर फिरवत राहिला, एक डोळा मिटून. नाकाकडे जरा अजून उचल हवी, म्हणाला. मीही तेच सांगणार होते, ती म्हणाली. त्यानंतर त्यांचं भांडण फक्त बोटभर इकडे-तिकडे असं चालायचं. तो वाकसाने तासून ढोबळ आकार काढायचा, ती रंधा धरायची, मग दोघं दोन बाजूंनी पॉलिश पेपर घेऊन बसायची. सेनोनच्या मिशा पांढऱ्या भुश्याने भरायच्या. फ्लोरिंदा दाराशी उभी राहून बघायची आणि म्हणायची, इतकी वर्षं झाली, माझा स्वयंपाकाचा ओटा एका बाजूला कलतो, त्याला कुणी पॉलिश पेपर लावला नाही.

फळी तयार झाली तशी पांढरी, गुळगुळीत आणि लांब. सेनोन दोन्ही हात डोक्यावर ताणून तिच्याशेजारी झोपला तरी फळी उरायची. पण बाल्सा तसाच पाण्यात नेला तर तो समुद्र पिऊन टाकेल. त्याच्यावर फायबरचं कापड आणि रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस, चढवायला हवा. आणि अख्ख्या लास ताग्वासमध्ये रेझिन एकाच माणसाकडे होतं. किनाऱ्याच्या पार टोकाला बाऊदिलिओचा फायबरच्या होड्यांचा कारखाना होता. बाऊदिलिओ सोळाव्या वर्षापासून सेनोनच्या हाताखाली होता. चौदा वर्षं. मग त्याने मान्त्याला जाऊन फायबर शिकून घेतलं आणि स्वतःची शेड टाकली. त्या दिवसापासून सहा वर्षं सेनोन त्याच्याशी बोलला नव्हता. किनाऱ्याने जायचं असलं तरी त्या टोकाला तो वरच्या रस्त्याने वळसा घालून जायचा.

नार्सिसा म्हणाली, मी जाते. सेनोन म्हणाला, माझ्या हातचं काम, मीच मागेन. त्याने धुतलेला सदरा घातला, दाढी केली आणि किनाऱ्याने गेला.

पुढचं मला बाऊदिलिओकडच्या कामगारांनी सांगितलं. बाऊदिलिओ तेव्हा एका होडीच्या पोटात घुसून कापड चिकटवत होता. रेझिन लावलं की काम मध्येच सोडता येत नाही, म्हणून त्याने आतूनच ओरडून बसायला सांगितलं. बसायला एक उलटा डबा होता. सेनोन त्या डब्यावर ऐन दुपारी तासभर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. शेडमध्ये सहा जण काम करत होते, त्यांतल्या चौघांना त्यानेच रंधा धरायला शिकवलेलं. कुणी त्याच्याकडे सरळ पाहत नव्हतं. शेवटी बाऊदिलिओ बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "मिस्त्री, या." सेनोन म्हणाला, एका फळीपुरतं रेझिन आणि उरलंसुरलं कापड हवंय, बदल्यात काय करू ते सांग. बाऊदिलिओने रंगाच्या एका रिकाम्या डब्यात रेझिन ओतलं, कापडाचे तुकडे गुंडाळून दिले, रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरची छोटी बाटली दिली. काही नको, म्हणाला. तेच सेनोनला सगळ्यात जास्त लागलं. त्याने काहीतरी मागितलं असतं, दहा करवतींना धार लावून मागितली असती, तर बरं झालं असतं. त्यावर बाऊदिलिओने शिकवणी सुरू केली. कपाला वीस थेंब. ढग असेल तर बावीस. त्याहून जास्त नको, मिस्त्री, तापतं ते. सेनोनने मान हलवली. चौदा वर्षं त्याने ज्याला थेंब-थेंब शिकवलं तो आता त्याला थेंब मोजायला सांगत होता.

घरी आल्यावर त्याने थेंब मोजले नाहीत. आयुष्यभर होड्यांना डांबर त्याने अंदाजाने घातलं होतं. हवा ओली, भुरभुर चालू, म्हणून त्याने बाटली डब्यावर वाकडी केली आणि पुरे वाटेपर्यंत धरली. नार्सिसा कापड अंथरत होती. तिने विचारलं, मोजलंत ना बाबा? मोजलं, म्हणाला. पहिला हात फळीच्या मधोमध लागला. दुसरा हात घ्यायला त्याने ब्रश डब्यात बुडवला, आणि ब्रश वर आला तो डब्यासकट. डबा गरम झाला होता. मग त्यातून धूर निघाला. सेनोनने ब्रश सोडला, डबा तसाच त्याला लटकलेला. धुराचा वास असा की माझे डोळे कुंपणापलीकडे चुरचुरले आणि फ्लोरिंदाची कोंबडी अंड्यावरून उठून पळाली. डबा थंड झाला तेव्हा ब्रश त्यात उभाच्या उभा गाडला गेला होता, आणि फळीच्या पोटावर, बरोबर मध्यावर, मुठीएवढा पिवळा गोळा बसला होता.

सेनोनने फळीवर पोतं टाकलं. वाळतंय, म्हणाला. दोन दिवस ते पोतं कुणाला उचलू दिलं नाही. जुलैला आठवडा राहिला होता. नार्सिसा त्या दोन दिवसांत अंगणात फिरकली नाही. ती किनाऱ्यावर जाऊन बसायची आणि ओस्वाल्दो आपल्या पाच फळ्या धुऊन भिंतीला लावतो ते बघायची. सेनोनने तेवढ्या वेळात खुराड्याच्या सहाही बिजागऱ्या काढून पुन्हा लावल्या.

तिसऱ्या दिवशी फ्लोरिंदाने बारा अंडी टोपलीत घातली आणि कुणाला न सांगता बाऊदिलिओकडे गेली. ती काय बोलली ते ठाऊक नाही. दुपारी बाऊदिलिओ एक मोठा डबा आणि हत्यारांची पिशवी घेऊन अंगणात येऊन उभा राहिला. सेनोन ओट्यावर होता. उठला नाही. बाऊदिलिओ म्हणाला, फळी बघायला आलोय. सेनोनने हाताने पोत्याकडे दाखवलं.

बाऊदिलिओने पोतं उचललं. गोळा पाहिला. हसला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याची मान खाली होती आणि खांदे थोडे हलत होते. मग त्याने तळहात फळीवर ठेवला आणि नाकापासून शेपटापर्यंत फिरवला, पुन्हा उलट फिरवला, मग गुडघ्यावर बसून डोळा फळीला लावून पाहिलं.

"सांधा कुठाय, मिस्त्री?"

"शोध," सेनोन म्हणाला.

त्याने बराच वेळ शोधला. कडेने, पोटाखाली, नखाने. पट्टीचा रंग वेगळा म्हणून ती दिसत होती, पण बोटाला कुठे लागत नव्हती. सापडत नाही, असं तो अखेर म्हणाला. सेनोन ओट्यावरून उतरला आणि गोळा खरवडायला कानस घेतली.

त्या दिवशी अंगणात बाऊदिलिओचं राज्य होतं. ब्रश नको, पुठ्ठा घ्या. कापड ओढू नका, बसू द्या. नार्सिसा कापड धरायची, सेनोन कप धरायचा आणि बाऊदिलिओ बाटलीतून थेंब टाकायचा. सेनोन मोठ्याने मोजायचा, सहा-सात-आठ, शाळेतल्यासारखं. विसावा थेंब पडला की तोच म्हणायचा, बस. एकदा बाऊदिलिओ एकविसावा टाकायला गेला तर सेनोनने त्याचं मनगट पकडलं. ढग आहेत मिस्त्री, बाऊदिलिओ म्हणाला. सेनोनने वर पाहिलं, विचार केला आणि मनगट सोडलं. दिवस उतरताना काम संपलं तेव्हा तो बाऊदिलिओला म्हणाला की तुझ्या होड्यांच्या काठाचं लाकूड मी वरच्या रस्त्यावरून पाहिलंय, लाज वाटते. बाऊदिलिओ म्हणाला, लाकडाला माणूस मिळत नाही. सेनोन म्हणाला, सोमवारी येतो.

फळी माशाच्या तराजूला लावली तर एकोणीस किलो भरली. ओस्वाल्दोची फळी पोरी बगलेत मारून चालतात. ही उचलायला दोन माणसं लागली, पुढे सेनोन, मागे नार्सिसा, वर पावसासाठी पांढरी चादर. जुलैच्या पहिल्या शनिवारी सकाळी ते असे किनाऱ्याकडे निघाले. पत्ते कुटणाऱ्यांपैकी दोघांनी टोप्या काढल्या. कोपऱ्यावरच्या म्हातारीने छातीवर क्रूस काढला आणि कोण गेलं म्हणून विचारलं. कुणी नाही गेलं, नार्सिसा पाठीमागून म्हणाली, तिचा चेहरा कानापर्यंत लाल.

किनाऱ्यावर ओस्वाल्दो होता, त्याची पाहुणे मंडळी होती, आणि मान्त्याचा चुलतभाऊही आधीच येऊन बसला होता. चादर काढल्यावर ओस्वाल्दो फळीभोवती एक चक्कर मारून आला. म्हणाला, ही फळी नाही, हे जेवणाचं टेबल आहे, माझे पाहुणे हिच्यावर बसणार नाहीत. नार्सिसाने फळीचं नाक पाण्याकडे वळवलं, लाटेत जाऊन त्याला दाखवायला. तेवढ्यात सेनोनने चपला काढल्या. त्याने रविवारची पँट घातली होती, ते आत्ता सगळ्यांच्या लक्षात आलं. माझ्या हातची वस्तू आधी मी बसून बघतो, म्हणाला, मगच मालकाला देतो. आजवर सगळ्या होड्यांना असंच केलंय.

सेनोनला पोहता येत नाही. हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. आमच्यातल्या निम्म्यांना येत नाही, पण आम्ही होडीच्या आत बसतो. नार्सिसा बापाच्या आडवी उभी राहिली. बाबा, आज नको, लोक आहेत. तो तिच्या बाजूने पाण्यात शिरला. तेव्हा फ्लोरिंदा माझ्या जाळ्याचा दोर घेऊन आली, त्याच्या कमरेला गाठ मारली आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून घोटाभर पाण्यात पाय रोवून उभी राहिली, जशी गाय पाणवठ्यावर आणलीय. पाहुण्यांपैकी कुणीतरी फोटो काढला.

नार्सिसाने दात आवळून बापाला पालथं घातलं. हनुवटी वर, पाय जुळवून, हात कडेला. कंबरभर पाण्यात नेलं. एक लाट सोडली, दुसरी सोडली, तिसरी बेताची आली तेव्हा तिने फळी ढकलली.

सेनोन गेला. ओस्वाल्दोच्या रंगीत फळ्या लाटेवर थरथरतात, ही थरथरली नाही. एकोणीस किलो आणि वर सेनोन, लाटेने उचललं आणि पुढे घातलं, सावकाश, एखाद्या सरकारी कचेरीत काम असल्यासारखं. त्याचा चेहराही तसाच, कागद विसरलेत की काय अशा विचारात. फळी फ्लोरिंदाच्या शेजारून किनाऱ्याकडे पुढे गेली तसा दोर ताणला. तिने तो घट्ट धरला म्हणून ती गुडघ्यांवर पाण्यातून ओढली गेली आणि तिथून तिने सेनोनच्या घराण्याचा उद्धार केला. फळी लाट संपली तरी थांबली नाही, फेसातून, मग ओल्या वाळूवरून घसरत पाहुण्यांच्या टॉवेलांपाशी आली आणि टेकली. सगळा किनारा हसत होता. सेनोन उठून बसला. नाकातलं पाणी काढलं. डावीकडे जरा ओढते, म्हणाला. मग कमरेचा दोर सोडला, फळी फिरवली आणि परत पाण्याकडे ओढू लागला.

दुसऱ्या वेळी डावीकडे ओढते का ते नीट बघायचं होतं. तिसऱ्या वेळी उजवीकडून बघायचं होतं. चौथ्या वेळी त्याने काही कारण सांगितलं नाही. नार्सिसा पाण्यात उभी राहून ढकलत होती, मान खाली घालून. तिच्यासमोर किनाऱ्यावर अख्खं गाव, तिचा मालक आणि तिच्या जागेवर टपलेला चुलतभाऊ उभे होते, आणि मध्ये रविवारच्या पँटमधला बाप. ती नंतर म्हणाली, मला तेव्हाच वाटलं, झालं, मान्त्याचा लागला कामाला.

पाहुण्यांमध्ये डोंगराकडच्या आंबातो शहरातल्या एक बाई होत्या, पिएदाद नावाच्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, साठी ओलांडलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. तीन दिवस त्या पोहण्याचे कपडे घालून किनाऱ्यावर उभ्या होत्या. चुलतभावाने दोनदा त्यांना रंगीत फळीवर घातलं होतं आणि दोन्हीदा फळी एकीकडे, बाई एकीकडे. बाकीचे हसत होते तेव्हा त्या हसल्या नाहीत. सेनोन पाचव्यांदा त्यांच्या पायाशी येऊन टेकला तेव्हा त्यांनी त्याला नीट न्याहाळलं, पांढऱ्या मिशा, पोट, ओली पँट. मग ओस्वाल्दोकडे वळल्या.

"या गृहस्थांना शिकवलं कुणी?"

ओस्वाल्दोने आजूबाजूला पाहिलं. चुलतभावाकडे पाहिलं. पण सगळं सगळ्यांसमोर झालं होतं.

"नार्सिसाने," तो म्हणाला. "माझ्याकडेच असते."

मला तीच फळी हवी आणि तीच मुलगी हवी, असं बाई म्हणाल्या, आणि त्यांच्यामागे आणखी दोघी उठून उभ्या राहिल्या. ओस्वाल्दो लगेच पुढे झाला, हो हो, ही खास देशी फळी आहे, म्हणू लागला. टेबलाचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता प्रश्न असा होता की फळी जागेवर नव्हती. एवढं बोलणं होईस्तोवर सेनोन परत आत गेला होता, या वेळी कुणी ढकललं नसताना, हातांनी पाणी ओढत. नार्सिसा किनाऱ्यावरून हाका मारत होती. तो ऐकत नव्हता, किंवा ऐकायचं नव्हतं. ती कंबरभर पाण्यात गेली, तिने फळीचं नाक धरलं आणि ती तशीच, पालथ्या बापासकट, ओढत परत आणली. बाईंच्या समोर आणून ठेवली. सेनोन नाइलाजाने उतरला. पँटच्या दोन्ही पायांतून पाणी गळत होतं. त्याने बाईंना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, होडीत किती ओझं घालायचं ते बघतात तसं.

"पोट मधल्या पट्टीवर ठेवा," तो म्हणाला. "बाकी घाबरू नका. ती सांभाळते."

नार्सिसाने मान वर करून बापाकडे पाहिलं. तो फळीवरची वाळू झटकत होता.

मग त्या दोघी पाण्यात गेल्या, एक पुढे ओढत, एक पालथी. सेनोन टॉवेलांच्या ओळीत जाऊन बसला. फ्लोरिंदाने घरी चल म्हटलं, थंडी बाधेल म्हटलं, पँट बघ म्हटलं. तो हलला नाही. बाईंची पहिली लाट हुकली, दुसरी लागली. त्या किनाऱ्याला येऊन टेकल्या आणि लगेच फळी वळवायला लागल्या. सेनोन मला म्हणाला, हिचं किती वेळ चालणार आहे? मी म्हटलं, तासाचं ठरलंय. त्याने गुडघे जवळ ओढले आणि ओल्या पँटमध्ये आपल्या पाळीची वाट बघत बसला.